अकरा मिनिटं

मी दात बनवते.
चिनीमातीचे, परक्यांच्या तोंडात बसणारे,
हारेलबेकमध्ये, लेइ नदीच्या काठी,
जिथे एके काळी जवसाच्या पेंढ्या कुजत पडायच्या
आणि माझे वडील, ओडिलोन,
आठवड्याचे सहा दिवस गिरणीत तुटलेलं सूत सांधायचे,
सातव्या दिवशी आभाळाकडे बघायचे.

ढाबळ परसाच्या टोकाला.
छत्तीस कबुतरं.
आईच्या हिशेबी छत्तीस सवती.

शर्यतीचं घड्याळ लाकडी पेटीत,
पितळी तोंडाचं, शिशाची मोहर लावलेलं.
पाखरू घरी आलं की पायातली रबरी कडी काढायची,
अंगुस्तानाएवढ्या टोपणात घालायची,
पेटीत सोडायची, दांडा ओढायचा. खट्.
तो खट् झाला तरच वेळ झाली.
नुसतं पोचणं कुणी धरत नसे.

मी जन्मले त्या रविवारी
बूर्जहून सुटलेली राखी मादी
सव्वाचारशे किलोमीटर कापून आली
आणि कौलांवर बसली. उतरेचना.
वडील खाली, हातात वाटाण्यांचा डबा,
हळूहळू खुळखुळवत, "ये गं, ये गं बाई."
शेजारची झुल्मा दवाखान्यातून धापा टाकत फाटकाशी आली,
तोंड उघडणार तोच
यांनी मागे न बघता हात वर केला: श्श!

अकरा मिनिटं
माझा जन्म फाटकाशी ताटकळत उभा होता.
बक्षीस चार मिनिटांनी हुकलं.
आईनं ही गोष्ट दर वाढदिवसाला वाढली,
केकच्या आधी.

यंदा ते नव्वदीत जातील.
ढाबळ मोडली, पेटी मंडळाला देऊन टाकली.
म्हणून मी घड्याळ केलं, मनगटावरचं,
जुन्या घाटाचं, रोज चावी मागणारं.
यंत्र गेंटच्या जुन्या बाजारातलं, सतरा खड्यांचं,
माझ्याहून वयानं मोठं;
धुतलं, पुसलं, सुईच्या टोकावरून तेल पाजलं.
तबकडी दातांच्याच भट्टीत भाजली,
तांब्यावर मिना, रंग त्या मादीच्या छातीचा.
पहिली तडकली. दुसरीवर फोड आला.
तिसरीचा राखाडी पाखराचा नव्हे, पत्र्याचा निघाला.
चौथी.
पोलादी काटे तापवले: गवती पिवळे, तपकिरी, जांभळे,
निळे होताच उचलले,
एक श्वास उशीर झाला असता तरी गेले असते.
पट्टा त्यांच्या वेताच्या टोपलीच्या बंदातून कापला,
आतल्या बाजूला अजून वास आहे.
आणि बारापासून अकराव्या मिनिटापर्यंत
एक लाल कमान, केसाएवढी.

टोमणा होता का?
थोडा होता.

त्यांनी घड्याळ आधी कानाला लावलं.
मग चावी दिली, मोजून, दाणे मोजावेत तशी.
"पळतंय. दिवसाला अर्धं मिनिट."
(पळतं. मला वाटलं होतं कळणार नाही.)
मग भिंग मागितलं. कमानीवर थांबले.

"बारा होती."
"आई अकरा म्हणायची."
"आईला खट् पर्यंतचीच माहीत.
दांडा ओढला, झुल्मा म्हणाली, मुलगी.
मग मी ढाबळीत जाऊन उभा राहिलो. एक मिनिट.
पाय हलेनात.
ते कुठल्या कागदावर उमटलं नाही."

एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघायला लागले.
तिकडून काहीच येत नव्हतं.

आता एक मिनिट वाढवायचं
म्हणजे काटे उतरवणं, तबकडी सोडवणं,
लाल रंगाचा एक कण,
आणि पुन्हा भट्टी.
इतक्यांदा भाजलेला मिना दगा देतो, हे मला ठाऊक आहे.

प्रयोगशाळेत कोणी नाही.
ट्रेमध्ये कुणाची तरी उद्याची दाढ पडून आहे.
मी मागचं झाकण फिरवते.
टिकटिक एकदम मोठी होते.